खोक्यावरचा पत्ता, मांसातला पत्ता

२००१ सालच्या शरद ऋतूत जपानमधल्या निशिनोमिया शहरातल्या एका शीतगोदामात खोकी बदलण्याचे काम चालले होते. ऑस्ट्रेलियाहून आलेले गोमांस आयातीच्या खोक्यांतून काढायचे, देशी मांसाच्या खोक्यांत भरायचे आणि वर देशी उत्पादनाची चिठ्ठी डकवायची. माल थोडाथोडका नव्हता, सुमारे १३.८ टन होता. आणि हे काम करणारे कुणी भुरटे चोर नव्हते. घराघरात दूध आणि लोणी पोचवणाऱ्या नामांकित उद्योगसमूहाच्या मांस कंपनीची, स्नो ब्रँड फूड्सची, पगारी माणसे होती.

त्या सप्टेंबरमध्ये टोकियोच्या शेजारच्या चिबा प्रांतातल्या एका गाईत बीएसई, म्हणजे 'मॅड काऊ' या नावाने कुप्रसिद्ध झालेला मेंदूचा रोग आढळला होता. जपानमधली ही पहिलीच घटना. लोकांनी गोमांसाकडे पाठ फिरवली, मालाला उठाव राहिला नाही. १८ ऑक्टोबरपासून कत्तलीला येणाऱ्या प्रत्येक जनावराची तपासणी सुरू झाली आणि त्याआधीच्या, न तपासलेल्या देशी मांसाचे साठे सरकारने पैसे देऊन उचलायचे ठरवले. योजना फक्त देशी मांसासाठी होती. गोदामात पडून राहिलेल्या परदेशी मांसाला कुणी विचारत नव्हते. त्यामुळे चिठ्ठी बदलली की न खपणाऱ्या मालाचे सरकारी तिजोरीतून पैसे होत होते.

पुढे जे झाले ते एका माणसामुळे. गोदामाचे मालक योइची मिझुतानी यांना हा प्रकार कळला आणि जानेवारी २००२ मध्ये त्यांनी तो वृत्तपत्रांना सांगितला. २३ जानेवारीला बातमी छापून आली. एप्रिलअखेरीस स्नो ब्रँड फूड्स ही कंपनीच विसर्जित झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या मांस उद्योगसमूहांपैकी एकाच्या, निप्पॉन हॅमच्या, उपकंपनीचाही असाच उद्योग उघडकीला आला. मिझुतानींच्या वाट्याला मात्र बक्षीस आले नाही. साठ्याचा खोटा दाखला गोदामाने दिला होता, या कारणासाठी सरकारने त्यांच्याच गोदामावर काही दिवसांची बंदी घातली. ज्या कंपन्या माल ठेवायच्या त्या एकेक करून निघून गेल्या. गोदाम बंद पडले. ओसाकाच्या रस्त्यावर बसून त्यांनी लोकांकडून मदत गोळा केली आणि २००४ मध्ये ते पुन्हा उघडले. खरे बोलणाऱ्याची इतकी फरफट व्हावी हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत क्लेशकारक पान वाटते.

या प्रकरणाचा जो तपास झाला तो कागदांचा आणि साक्षीदारांचा. साठ्याची नोंद, वाहतुकीची बिले, कामगारांचे जबाब. मिझुतानी गप्प बसले असते तर? गोठवलेल्या लाल मांसाच्या तुकड्याकडे पाहून तो कुठल्या कुरणावर वाढला हे कुठलाही खाटीक, कुठलाही पशुवैद्य सांगू शकत नाही. पण ते उत्तर त्या तुकड्यात होते. ते वाचण्याची विद्याही तोवर जगात तयार झालेली होती, फक्त तिचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी, भलत्याच कामांसाठी पडलेले होते. पावसाचा अभ्यास करणाऱ्यांकडे एक, ऊस संशोधकांकडे दुसरा, जुनी हाडे उकरणाऱ्यांकडे तिसरा. ते तुकडे जुळून येण्याची हकिगत मला फार मोलाची वाटते.

पहिला तुकडा कोपनहेगनचा. विली डान्सगार्ड हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ तिथल्या विद्यापीठात अणूंचे वजन मोजणाऱ्या यंत्रावर, मास स्पेक्ट्रोमीटरवर, काम करत होता. जून १९५२ मधल्या एका पावसाळी शनिवार-रविवारी त्याने घरामागच्या हिरवळीवर बिअरची रिकामी बाटली ठेवली, तिच्या तोंडात नरसाळे बसवले आणि ठरावीक वेळाने बाटलीतले पाणी वेगवेगळे साठवत गेला. पाऊस चालू असताना त्याच्या पाण्याचे 'वजन' बदलते का, हे त्याला पाहायचे होते. ते बदलत होते.

पाण्यातला बहुतेक ऑक्सिजन १६ वजनाचा असतो, पण दर हजार अणूंमागे साधारण दोन अणू १८ वजनाचे असतात. असाच प्रकार हायड्रोजनचा. त्याचे जड भावंड, ड्यूटेरियम, हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ मध्ये शोधले होते आणि त्यासाठी १९३४ चे नोबेल मिळवले होते. एकाच मूलद्रव्याच्या अशा हलक्या-जड अणूंना समस्थानिके म्हणतात. ही जड समस्थानिके किरणोत्सारी नाहीत, झिजत नाहीत, खाणाऱ्या-पिणाऱ्याला त्यांचा अपाय नाही. फक्त वागण्यात किंचित फरक असतो. जड पाणी वाफ व्हायला थोडे मंद आणि ढगातून खाली यायला थोडे उतावीळ. म्हणून समुद्रावरून निघालेला ढग जमिनीवर जसजसा आत जातो, डोंगर चढतो, थंड प्रदेशाकडे सरकतो, तसतसे त्यातले जड पाणी आधी पडून जाते आणि पुढच्या गावांच्या वाट्याला हलका पाऊस येतो. उष्ण, कोरड्या मुलखात उलट घडते: तळ्यातले, ओढ्यातले हलके पाणी आधी उडून जाते आणि मागे जड पाणी साचते. थोडक्यात, जागा बदलली की पाणी बदलते.

१९६१ पासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांनी जगभरच्या पावसाचे नमुने नियमित गोळा करायला सुरुवात केली. अणुऊर्जा संस्थेला पावसात रस असण्याचे कारण त्या काळातले आहे. हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांमुळे वातावरणात ट्रिटियम, हायड्रोजनचे किरणोत्सारी भावंड, पसरले होते आणि त्याचा माग काढायचा होता. नवी दिल्ली आणि मुंबई येथील पावसाचे नमुनेही त्या जाळ्यात आले. बॉम्बच्या धास्तीपोटी गोळा झालेल्या या पाण्यातून पृथ्वीच्या पावसाचा नकाशा तयार झाला. डान्सगार्डचा १९६४ चा निबंध या विषयाचा पाया मानला जातो.

दुसरा तुकडा उसाचा आहे, आणि तो आपल्या अंगणातला वाटावा असा आहे, जरी तो हवाई बेटांवर सापडला. तिथल्या ऊस बागायतदारांच्या संशोधन केंद्रात ह्यूगो कोर्टशॅक, कॉन्स्टन्स हार्ट आणि जॉर्ज बर यांना दिसत होते की ऊस हवेतला कार्बन पकडतो तो इतर पिकांसारखा पकडत नाही. पहिला तयार होणारा पदार्थच वेगळा. त्यांचा निबंध १९६५ मध्ये आला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी त्या रासायनिक वाटेची मांडणी केली. या वाटेने जाणाऱ्या वनस्पतींना सी-४ म्हणतात. ऊस, मका, ज्वारी, बाजरी आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवते या गटात येतात. गहू, भात, डाळी, बटाटा, बीट, थंड प्रदेशातली गवते आणि जवळपास सगळी झाडे-झुडपे जुन्या, सी-३ वाटेची.

हवेतल्या कार्बनपैकी सुमारे १.१ टक्का १३ वजनाचा असतो, बाकी १२ चा. सी-३ वनस्पती जड कार्बन जरा जास्त नाकारतात. सी-४ वनस्पती तितक्या काटेकोर नसतात. एका ठरावीक नमुन्याशी तुलना करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या मापपट्टीवर पहिल्या गटाचा आकडा साधारण उणे २७ आणि दुसऱ्याचा उणे १३ च्या आसपास पडतो, दर हजारी. दोन्हींत मोठी मोकळी जागा आहे. निसर्गात इतका स्वच्छ भेद क्वचितच मिळतो.

हा भेद लक्षात आला तो पुराणवस्तूंच्या, कार्बनवरून होणाऱ्या कालमापनात घोळ झाल्यामुळे. अमेरिकेतल्या उत्खननांत सापडलेले मक्याचे दाणे शेजारच्या लाकडी कोळशापेक्षा सुमारे दोनशे वर्षांनी अलीकडचे दिसत. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या कालमापन प्रयोगशाळेत मार्गारेट बेंडर यांनी मका आणि इतर गवतांतला जड कार्बन मोजला आणि १९६८ मध्ये तो छापला. मग १९७७ च्या सुमारास निकोलास व्हान डर मर्वे आणि जॉन फोगेल यांनी न्यूयॉर्क परिसरातल्या प्राचीन माणसांची हाडे घेतली. मका पिकवू लागलेल्या माणसांच्या हाडांत मक्याचा कार्बन उतरला होता. माणूस मरून शेकडो वर्षे झाली तरी तो काय जेवत होता ते हाड सांगत होते. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मायकेल डीनिरो आणि सॅम्युअल एपस्टाइन यांनी प्राण्यांना ठरलेला आहार देऊन हे नाते प्रयोगशाळेत पक्के केले. खाद्यातल्या कार्बनचे प्रमाण, अगदी थोड्या फरकाने, खाणाऱ्याच्या शरीरात तसेच उतरते.

इथून पुढे या विद्येचा रोख बदलला. आधी ती निसर्ग समजून घेण्यासाठी होती, आता लबाडी पकडण्यासाठी. पहिला बळी मधातल्या भेसळीचा. मधमाशा बहुतेक सी-३ फुलांवर जातात. मक्याच्या पाकाचा कार्बन वेगळा. अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत व्हाइट आणि डोनर यांनी १९७८ च्या सुमारास यावर चाचणी बसवली. फ्रान्समध्ये नांत शहरात जेरार मार्तां आणि मारीवॉन मार्तां यांनी वाइनमध्ये बिटाची साखर घातली की नाही हे ओळखणारी पद्धत काढली. इथे मात्र कार्बन कामाला येत नव्हता, कारण द्राक्ष आणि बीट दोन्ही सी-३. त्यांनी अल्कोहोलच्या रेणूत ड्यूटेरियम नेमके कुठल्या जागी बसले आहे हे पाहिले. १९९० नंतर युरोपीय समुदायाने ही पद्धत अधिकृत केली आणि दरवर्षी प्रत्येक वाइन प्रदेशातून अस्सल द्राक्षे जमवून त्यांची आकड्यांची पेढी उभारली.

ही पेढी या साऱ्या इतिहासातला सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत कमी गाजलेला भाग आहे. यंत्र विकत घेता येते. पण अमुक दरीतल्या अमुक सालच्या अस्सल द्राक्षांचा आकडा कुठल्याही बाजारात मिळत नाही. तो कुणीतरी शेतात जाऊन, हाताने तोडून, तारीख लिहून आणलेला असावा लागतो. तो नसेल तर यंत्र एक आकडा दाखवते आणि त्या आकड्याचा अर्थ लावायला काहीच उरत नाही.

मांसाकडे हे शास्त्र वळले ते भीतीमुळे. २० मार्च १९९६ रोजी ब्रिटनचे आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत सांगितले की माणसांत दिसणाऱ्या एका नव्या मेंदूरोगाचा संबंध बीएसई झालेल्या गुरांशी असावा. आठवड्याभरात युरोपीय संघाने ब्रिटिश गोमांसावर बंदी घातली. ब्रिटनमध्ये १ लाख ८० हजारांहून अधिक गुरांत हा रोग नोंदला गेला, खबरदारी म्हणून ४० लाखांहून अधिक जनावरे मारली गेली आणि पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली. गाईगुरांना मेलेल्या गुरांच्या हाडामांसाची भुकटी खाऊ घातल्याने हा रोग पसरला होता. गवत खाणाऱ्या प्राण्याला त्याच्याच जातीचे मांस चारणाऱ्या व्यवस्थेने माणसाचा विश्वास गमावला, आणि तो तिने गमावलाच पाहिजे होता.

त्यानंतर 'हे मांस कुठले?' हा प्रश्न गृहिणीच्या तोंडी आला, कायद्यातही आला. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमाने गोमांसाच्या वेष्टनावर जनावर कुठे जन्मले, कुठे वाढले आणि कुठे कापले गेले हे छापणे सक्तीचे केले. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला, नावावर ओळखपत्र. सगळा भार कागदावर. आणि जिथे मांसाच्या दोन तुकड्यांच्या किमतीत निम्म्याने फरक असतो तिथे कागद बदलणारा कुणीतरी निघतोच.

तेव्हा पावसाचा नकाशा, उसाची वाट आणि हाडांची भाषा एका टेबलावर आली. २००३ मध्ये इटलीतल्या उदिने विद्यापीठाच्या एदी पियासेंतिएर यांच्या गटाने वेगवेगळ्या युरोपीय देशांतल्या कोकरांच्या मांसाची तुलना छापली. २००४ मध्ये जर्मनीतले मार्कुस बोनर आणि हिल्मार फ्योर्स्टल यांनी गोमांस घेतले. २००५ मध्ये डब्लिनच्या विद्यापीठातले ओलाफ श्मिट, फ्रँक मोनाहन आणि त्यांचे सहकारी यांनी आयर्लंड, अमेरिका आणि ब्राझील अशा देशांत भिन्न चाऱ्यांवर वाढलेल्या जनावरांचे मांस नुसत्या अणूंवरून वेगळे काढता येते हे दाखवले. त्याच वर्षी युरोपीय संघाच्या खर्चाने 'ट्रेस' नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात इटलीतल्या सान मिकेलेच्या कृषी संस्थेतल्या फेदेरिका कामिन यांच्या गटाने कोकराच्या मांसात हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन आणि गंधक असे चार साक्षीदार एकदम उभे केले.

या साक्षीदारांची कामे वाटलेली असतात. कार्बन चारा सांगतो: मका की गवत. नायट्रोजन जमिनीचे सांगतो: हवेतून बनवलेल्या रासायनिक खताचा आकडा शून्याजवळ, शेणखताचा वर. गंधक समुद्र किती जवळ होता ते सांगतो, कारण लाटांच्या तुषारांतून येणाऱ्या गंधकात जड अणू भरपूर असतात आणि ते किनाऱ्यावरच्या गवतावर उतरतात. ऑक्सिजन आणि हायड्रोजन पाण्याचे, म्हणजे पावसाचे, म्हणजे जागेचे.

प्रयोगशाळेतले काम दिसायला साधे आहे. मांसाचा लहान तुकडा गोठवून कोरडा करायचा, द्रावकाने चरबी धुऊन काढायची. चरबीचा कार्बन मुळातच हलका असतो, ती राहिली तर आकडा बिघडतो. उरलेल्या प्रथिनांची भुकटी करून मिलिग्रॅमच्या हिशेबात कथलाच्या इवल्याशा डबीत भरायची आणि हजार अंशांच्या आसपासच्या भट्टीत जाळायची. बाहेर पडलेले वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातात, चुंबक त्यांना वळवतो, हलके अणू जास्त वळतात, जड कमी. मांसातल्या पाण्यावरही सुरुवातीला बरेच काम झाले, पण दुकानात ठेवलेल्या मांसातले पाणी उडते, काही ठिकाणी वरून मारलेही जाते. म्हणून प्रथिनांत बांधलेल्या अणूंवर भिस्त ठेवणे अधिक शहाणपणाचे.

डब्लिनच्या लोकांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट तपासली: जनावराचा चारा बदलला तर मांसातली जुनी खूण किती दिवस टिकते? पाठीच्या स्नायूतला निम्मा कार्बन बदलायला पाच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणजे शेवटचे चार-सहा आठवडे एखाद्या 'चांगल्या' प्रदेशात आणून बांधलेले जनावर तिथले होत नाही, त्याचे मांस मागच्या मुलखाची साक्ष देत राहते. आणि शेपटीच्या केसात तर सगळा प्रवास क्रमाने नोंदलेला असतो, वाण्याच्या वहीत रोजची उधारी लिहिलेली असावी तसा. केस वाढताना जो भाग ज्या महिन्यात बनला त्यात त्या महिन्याचे अन्न.

आता पुन्हा जपान. २००३ च्या कायद्याने तिथल्या प्रत्येक गुराला दहा आकडी क्रमांक मिळाला आणि तो दुकानातल्या मांसाच्या पुडक्यापर्यंत छापला जाऊ लागला. कत्तलखान्यात प्रत्येक जनावराचा मांसनमुना राखून ठेवायचा आणि दुकानातल्या तुकड्याचा डीएनए त्याच्याशी पडताळायचा, अशीही सोय झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या गाईत बीएसई सापडला आणि जपानने अमेरिकी गोमांसाचा दरवाजा बंद केला. डीएनए एवढेच सांगू शकत होता की हा तुकडा त्या नोंदलेल्या जनावराचा आहे की नाही. तो अमेरिकेचा की ऑस्ट्रेलियाचा, हे त्याच्या कक्षेत नव्हते. एकाच जातीची गुरे जपान, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या तिन्ही देशांत वाढू शकतात.

ते उत्तर २००८ मध्ये रुमिको नाकाशिता, याएको सुझुकी, ताकाशी कोरेनागा आणि सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी तिन्ही देशांचे गोमांस तपासले. अमेरिकेच्या मांसात मक्याचा जड कार्बन ठळक होता, कारण तिथली गुरे मक्यावर पोसली जातात. ऑस्ट्रेलियाचे मांस कार्बनमध्ये पसरलेले, काही गवतावरचे तर काही धान्यावरचे. जपानचे दोहोंच्या मध्ये. पण ऑक्सिजनने निकाल लावला: ऑस्ट्रेलियाच्या मांसात जड ऑक्सिजन इतर दोघांपेक्षा स्पष्ट जास्त. तिथला उन्हाळा, तिथले कोरडे पाणवठे, तिथली वाफ होऊन उरलेली जड तळी, सगळे त्या मांसात उतरले होते.

मला या निष्कर्षात सगळ्या विषयाचे मर्म दिसते. चारा जहाजातून येतो. जपानी गोठ्यातली गाय परदेशातून आयात केलेला मका खाते, त्यामुळे तिचा कार्बन एकटा विचारला तर तो गोंधळात टाकणारच. पण पाणी कुणी गाईसाठी समुद्रापलीकडून आणत नाही. ती तिथलेच पिते. निशिनोमियाच्या गोदामातल्या त्या १३.८ टनांतला एक तुकडा या चाचणीखाली गेला असता तर मिझुतानींना एकट्याने सगळा भार उचलावा लागला नसता.

युरोपात २०१३ च्या जानेवारीत जे घोडामांस प्रकरण फुटले ते याहून वेगळ्या जातीचे होते. आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला गोमांसाच्या बर्गरमध्ये घोड्याचा डीएनए सापडला, एका बर्गरमध्ये तर २९ टक्क्यांपर्यंत. तिथे प्रश्न 'कुणाचे मांस?' हा होता, आणि त्याचे उत्तर देण्याची परंपरा जुनी आहे. जर्मनीत पाउल उलेनहूट यांनी १९०१ मध्येच रक्तद्रवाच्या चाचणीने प्राण्यांच्या जाती ओळखून दाखवल्या होत्या. २०१३ च्याच जुलैमध्ये बीबीसीच्या शेतीविषयक रेडिओ कार्यक्रमाने मात्र 'कुठले?' हा प्रश्न विचारला. 'ब्रिटिश' म्हणून विकला जाणारा डुकराच्या मांसाचा एक तुकडा त्यांनी समस्थानिक तपासणीला दिला आणि तो ब्रिटनचा असण्याची शक्यता जवळपास नाही, बहुधा नेदरलँड्सचा आहे, असा निर्वाळा आला.

'बहुधा' हा शब्द इथे नीट वाचला पाहिजे. ही तपासणी ठामपणे सांगते ते नकाराने: हे मांस चिठ्ठीवर लिहिलेल्या जागेच्या आकड्यांत बसत नाही. ते नेमके कुठले, हे ती तेवढ्या ठामपणे सांगू शकत नाही, कारण जगात सारख्या पावसाच्या आणि सारख्या गवताच्या अनेक जागा आहेत. आयात चाऱ्यावरची बंदिस्त कोंबडी किंवा डुक्कर गवतावरच्या मेंढीइतके बोलके नसते. आणि दर साली पाऊस बदलतो, म्हणून जुनी पेढी ताजी ठेवावी लागते. हे विसरून एका आकड्यावर कुणाला गुन्हेगार ठरवले तर तो विज्ञानाचा गैरवापर होईल.

आपल्याकडे मांसाची तपासणी म्हटली की आजवर प्रामुख्याने एकच प्रश्न विचारला गेला: कोणत्या प्राण्याचे? हैदराबादजवळ चेंगिचेर्ल्याच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेत डीएनएवरून त्याचे उत्तर मिळते. 'कुठले?' हा प्रश्न आता आपल्याही दारात आला आहे. २०१८ मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथ कोंबडीच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन नुसत्या जातीला नाही, त्या मुलखाला जोडलेले आहे. कडकनाथ महाराष्ट्रातही ठिकठिकाणी पाळली जाते. तिचा डीएनए कडकनाथच असणार. ती झाबुआची आहे की नाही हे डीएनए कधीच सांगू शकणार नाही. उद्या उस्मानाबादी शेळीला किंवा दख्खनी मेंढीला असे मानांकन मिळाले तर हाच पेच उभा राहील, आणि त्यात नुकसान होईल ते रानोमाळ कळप घेऊन फिरणाऱ्या धनगराचे आणि दोन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईचे.

आणि आपला मुलूख या तपासणीसाठी विलक्षण बोलका असू शकतो. आपली गुरे कडबा खातात, वाढे खातात, दुष्काळात चारा छावणीत उसावर दिवस काढतात. माळावरची कुसळी आणि मारवेलही सी-४ गवतेच. मेंढी हेच गवत चरते. शेळी मात्र बोरी-बाभळींना तोंड लावते, आणि ती झाडे सी-३. एकाच माळावर, एकाच दिवशी चरलेल्या शेळी-मेंढीच्या मांसातला कार्बन म्हणून वेगळा असायला हवा. पावसाच्या बाजूनेही आपण कोरे नाही. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने देशभरच्या पाण्यातली समस्थानिके मोजण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला होता आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मोसमी पावसावर असे काम झाले आहे. यंत्रे आहेत, ती चालवणारी माणसे आहेत.

उभारायची आहे ती पेढी. नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने, पशुसंवर्धन खात्याने आणि पुणे-अहमदाबादच्या संशोधकांनी एकत्र बसून हे काम अंगावर घ्यावे. धाराशिव, लातूर, सोलापूर, सातारा, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून शेळी-मेंढीचे अस्सल नमुने जमवावेत. प्रत्येकासोबत गाव, तारीख, चारा आणि पाणवठा लिहावा. शेपटीचा केस आणि त्या गावच्या विहिरीचे पाणी जोडीला ठेवावे. पशुपालकाला नमुन्याचे रास्त पैसे द्यावेत आणि निष्कर्ष त्याच्या भाषेत त्याच्या हाती द्यावेत. मानांकन मिळाल्यावर, खटला उभा राहिल्यावर हे नमुने मागे जाऊन गोळा करता येत नाहीत. म्हणून सुरुवात येत्या पावसाळ्यातच व्हावी.